एकाकी बालकाची पलायनवादी कल्पनासृष्टी : ‘व्हिन्सेंट’ या लघुपटाच्या संदर्भात

प्रास्ताविक :
कल्पनाशक्ती हा बालकाच्या भावविश्वाचा अविभाज्य घटक होय. भोवतालच्या माणसांत मनाजोगा सोबती न लाभल्यास हीच शक्ती बालकाचे आश्रयस्थान बनते. अमेरिकन दिग्दर्शक टिम बर्टन यांचा ‘व्हिन्सेंट’ (१९८२) हा सुमारे सहा मिनिटांचा कृष्णधवल लघुपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. डिस्ने स्टुडिओत तयार झालेल्या या लघुपटात बाहुल्यांची स्थिती किंचित बदलत चित्रे घेण्याचे ‘स्टॉप मोशन’ तंत्र वापरलेले आहे.

आशय व अभिव्यक्ती :
सात वर्षांचा व्हिन्सेंट मलॉय सभ्य व आज्ञाधारक आहे. तथापि, भयपटांतील विख्यात अभिनेते व्हिन्सेंट प्राइस यांच्यासारखे व्हावे, हे त्याचे स्वप्न आहे. घरी आलेल्या आप्त स्त्रीला तो मनातल्या मनात उकळत्या मेणात बुडवितो; कुत्र्यावर भयंकर प्रयोग करतो. एडगर ॲलन पो यांच्या कथा वाचून आपली पत्नी जिवंत पुरली गेल्याचे त्याला वाटते. तिची कबर म्हणून तो जी जागा खणतो, तो आईचा फुलांचा वाफा असतो. वास्तव व कल्पना यांतील हा संघर्ष तिरप्या भिंती व लांबलेल्या सावल्या यांतून दृश्यरूप घेतो. या शैलीवर जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपटांचा प्रभाव जाणवतो.

व्हिन्सेंटच्या घरी माणसांची उणीव नाही. उणीव आहे ती त्याचे विश्व जाणून घेणाऱ्याची. हे सारे तुझ्या मनाचे खेळ आहेत, बाहेर जाऊन खेळ, असे आई त्याला समजावते. तिचे म्हणणे खरे असते; परंतु तो काय वाचतो, कशाला भितो, हे ती विचारत नाही. ती निघून जाताच खोली विक्राळ रूप धारण करते आणि तो निपचित पडतो. लघुपट त्याला तेथून उठवीत नाही.

समारोप :
या लघुपटाचे पद्यमय निवेदन स्वतः प्राइस यांच्या आवाजात आहे. बर्टन यांनाही बालपणी प्राइस यांच्या चित्रपटांची विलक्षण ओढ होती. पडद्यावरील मुलाला न लाभलेली सोबत त्याच्या निर्मात्याला कलाकृतीतून लाभली, असे म्हणता येईल. पलायन व सर्जन यांचे मूळ एकच असू शकते. वर्गातील शांत, आज्ञाधारक विद्यार्थ्याची कल्पनासृष्टी निरर्थक ठरविण्यापूर्वी ती ऐकून घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.