रात्रीचा उकाडा

आमचा मळा जुन्नर तालुक्यात, जेमतेम वीस गुंठ्यांचा. पोरीची फी, खरिपाचं बी-बियाणं, सगळं उन्हाळी टोमॅटोच्या जिवावर. २०२२ साली मार्चमध्येच ऊन तापलं. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका उष्ण मार्च तोवर झाला नव्हता.

झाडं हिरवीगार, फुलांनी लगडलेली; पण सकाळी पाहावं तर सरीत पिवळ्या फुलांचा सडा! पाणी कमी पडत असेल म्हणून मी पाळ्या वाढवल्या. विहीर तळाला गेली, फूलगळ काही थांबेना.

"दिवसाचं ऊन नव्हे रे, रात्रीचा उकाडा पीक खातोय," आई म्हणाली. पुढं कृषी सहायकांनीही तेच समजावलं. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही २१-२२च्या वर पारा राहिला, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. मग फळ धरत नाही, फूल गळतं. धरलेली फळंही कडक उन्हात लालबुंद न होता पिवळट राहतात. बाजारात त्यांना कोण विचारतो?

त्या वर्षी पोरीची फी उसनवारीवर भरली. आता लागवड जानेवारीच्या सुरुवातीलाच उरकतो. पश्चिमेला मक्याच्या दोन ओळी लावतो, सरीत उसाचं पाचट अंथरतो. पाणी पहाटे देतो. थोडंफार वाचतं.

तरी एप्रिलात अंगणात निजलो, की दोघांचं लक्ष वाऱ्याकडं. गार झुळूक आली, की आई अंधारातच पुटपुटते, "आज फूल राहील हो!"