एक पाय कायम जमिनीवर

आपल्या कार्यक्षेत्रातली बरीच पोरं आता नव्या मुंबईत आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत महापे, रबाळे, तुर्भे या एमआयडीसीच्या पट्ट्यात कुणी पाळीवर आहे, कुणी संगणकासमोर. सणाला गावी आली की तक्रार एकच : बसून बसून पोट सुटलं. आणि इकडे गावातला सभासद तरी कुठं चालतो? फडावर जायचं तर फटफटी, डेअरीला दूध घालायचं तरी फटफटी. म्हणून या खेपेला बेणे आणि खताचे हप्ते थोडे बाजूला ठेवून चालण्याच्या शर्यतीविषयी, आणि ती जगवणाऱ्या हौशी मंडळांविषयी चार शब्द लिहीत आहोत.

चालण्याची शर्यत पाहिली की पुष्कळांना हसू येतं. कंबर हलते, कोपरं मागं-पुढं होतात, गडी कुठं तरी घाईनं निघाल्यासारखा दिसतो. पण त्यामागचा नियम कडक आहे. पळणारा माणूस दर पावलाला क्षणभर दोन्ही पायांनी हवेत असतो. चालणाऱ्याला ती मुभा नाही. एक पाय कायम जमिनीवर हवा. शिवाय पुढं टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून अंग त्यावर सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. पंच हे नुसत्या डोळ्यांनी पाहतात. तीन निरनिराळ्या पंचांनी लाल चिठ्ठी दिली की जुन्या नियमाप्रमाणे गडी बाद. हल्ली मोठ्या स्पर्धांत त्याला आधी काही मिनिटं थांबवून ठेवतात, आणि चौथी चिठ्ठी आली की घरी. वजनकाट्यावर डोळा ठेवून उभ्या राहणाऱ्या सभासदाला यातलं मर्म सांगायला नको. आपल्या वारकऱ्यांना मात्र आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरभर असा पंच लागत नाही, हा भाग वेगळा.

या खेळाचं माहेर विलायत. एकोणिसाव्या शतकात तिथं पैजा लावून दिवसच्या दिवस चालण्याचा धंदाच झाला होता. त्या बाजारापासून दूर, केवळ हौसेखातर चालणाऱ्यांनी स्वतःची मंडळं काढली. सरे वॉकिंग क्लब 1899 चा. 1 मे 1903 रोजी लंडनच्या शेअरबाजारातल्या मंडळींनी लंडन ते ब्रायटन अशी बावन्न मैलांची, म्हणजे सुमारे 83 किलोमीटरची शर्यत लावली, आणि कारकुनापासून कामगारापर्यंत सगळ्यांना या रस्त्याचं वेड लागलं. 1911 मध्ये 'सेंच्युरियन' नावाचं मंडळ निघालं. त्यात शिरायला वर्गणी भरून भागत नाही : 24 तासांच्या आत शंभर मैल चालून दाखवायचं. ते जमलं की सभासदाला एक क्रमांक मिळतो, तो जन्मभर त्याचाच. आपल्या शेअर दाखल्यावरही क्रमांक असतो, पण तो इतका घाम गाळून मिळत नाही, हे कबूल केलं पाहिजे.

या मंडळांतून निघालेली माणसं पाहावीत. टॉमी ग्रीन हा रेल्वेच्या कारखान्यातला कामगार. लहानपणी मुडदूस झाल्यामुळं पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला धड चालताच येत नव्हतं. युद्धात डोळे गमावलेल्या एका मित्राला सरावात सोबत करता करता तो स्वतः या खेळात आला, तेव्हा वय बत्तीस. अडतिसाव्या वर्षी, 1932 मध्ये, लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये तो 50 किलोमीटर चालण्यात पहिला आला. पुढं 1936 ला बर्लिनमध्ये हॅरोल्ड व्हिटलॉक पहिला. तो शर्यतीच्या मोटारींचा मेकॅनिक होता, आणि 1952 ला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरून अकरावा आला.

पण आम्हाला सगळ्यात भावला तो डॉन थॉम्पसन. व्हिटलॉकच्याच मेट्रोपॉलिटन वॉकिंग क्लबचा हा सभासद. विमा कचेरीतला कारकून, अंगानं किरकोळ, डोळ्यांवर चष्मा. 1956 ला मेलबर्नच्या उन्हात हा गडी शर्यत अर्धवट टाकून कोसळला. रोमचं ऊन त्याहून वाईट असणार, हे त्यानं ओळखलं. विलायतेत ऊन आणायचं कुठून? त्यानं घरातल्या न्हाणीघरात शेगडी पेटवली, किटल्या उकळत ठेवल्या, जाडजूड कपडे घातले आणि त्या वाफेत जागच्या जागी व्यायाम करू लागला. त्याला घेरी यायची. ती उन्हाच्या सरावामुळं येते असं त्याला वाटे. खरं कारण शेगडीचा विषारी वायू, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. (आमच्या वाचकांनी हा प्रयोग मुळीच करू नये.) 1960 ला रोममध्ये मानेवर फडकं सोडलेली टोपी घालून तो 50 किलोमीटर 4 तास 25 मिनिटं 30 सेकंदांत चालला. दुसऱ्या आलेल्या स्वीडनच्या युंगग्रेनपेक्षा अवघे सतरा सेकंद आधी. पहाटे उठून सराव करायचा आणि वेळेवर कचेरीत हजर व्हायचं, असं त्याचं चाले.

ती 50 किलोमीटरची शर्यत आता ऑलिंपिकमध्ये राहिलेली नाही. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकनंतर ती काढून टाकली. फार वेळ लागतो, पाहायला कंटाळा येतो, अशी ओरड होती. आम्हाला हे पटत नाही. चार तास चालणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला दम लागतो, ही अजब तऱ्हा.

आपल्या देशातही हा खेळ नोकरदार आणि शेतकऱ्यांच्याच घरचा. 1978 ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत फौजी हाकम सिंग 20 किलोमीटरमध्ये पहिला आला, 1982 ला दिल्लीत चांद राम. 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये केरळचा इरफान दहावा आला. आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटर चालून रौप्यपदक घेणारी प्रियांका गोस्वामी उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातली. ऊस आणि गुऱ्हाळांचा हा जिल्हा आपल्या सभासदांना ऐकून तरी माहीत आहेच. वडील एसटीत कंडक्टर, तिकडच्या एसटीत म्हणजे रोडवेजमध्ये.

महापे येथे असं मंडळ निघायला काय लागेल? मैदान नको, मशीन नको. मोठ्या शर्यतीसुद्धा एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांवरच होतात, म्हणजे पंचांना प्रत्येकाचे पाय पुन्हा पुन्हा दिसतात. सपाट आणि ट्रक नसलेला एखादा आतला रस्ता, सुट्टीची सकाळ, सहा-सात जण चालायला आणि तीन जण पाहायला. पंचाचं काम पाळीपाळीनं करावं. ते चालण्याइतकंच अवघड आहे, आणि वाईटपणाही त्यालाच येतो. नोकरीवरच्या मुलांपैकी कुणाची तयारी असेल तर पालकांनी या अंकाच्या संपादकांकडं नाव कळवावं. नियमांचा मराठी तक्ता आम्ही तयार करून देऊ.