इफ्तारची संत्री, रस्त्याकडेची

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज आटोपली की रोजेदाराचे पाय बाजाराकडे वळतात. खजूर घरात असतोच, प्रश्न फळांचा. गेल्या आठवड्यात मात्र आमची खरेदी वाटेतच झाली. नागपूर-अमरावती महामार्गावर कारंजा (घाडगे) आणि तळेगावच्या मध्ये, कडुनिंबाखाली निळ्या ताडपत्रीच्या सावलीत संत्र्यांचे ढीग दिसले आणि गाडी थांबवली.

रमजान चंद्रावर चालतो, शेती सूर्यावर. त्यामुळे हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या हंगामांना भेटून येतो. 2017 मध्ये रोजे जूनमध्ये होते, तेव्हा दस्तरखानावर आंबा होता. 2004 मध्ये दिवाळीच्या तोंडावर आले, तेव्हा आंबिया बहाराची संत्री होती. यंदा फेब्रुवारी-मार्च, म्हणजे मृग बहार.

हा मृग बहार मोठा हट्टी. उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मृगाच्या पावसावर फूल धरायचं आणि फळ अख्खा हिवाळा सांभाळायचं. पाऊस हुकला तर फूलच येत नाही. कारंजा-आष्टीकडच्या बरड जमिनीत पाणी टिकत नाही. बोअर खोल खोल जातात आणि तेही आटले की टँकर.

बाग बहुधा व्यापाऱ्याला झाडावरच विकली जाते. तो मोठं, एकसारखं फळ उचलतो. बारीक आणि डागाळलेलं मागे राहतं, तेच ताडपत्रीखाली येतं. चवीला ते कुठेच कमी नसतं (मला तर जास्तच गोड लागतं).

मावशींनी पिशवीचा भाव सांगितला. मी सवयीने वीस रुपये कमी करायला सांगितले.

"न्या ना भाऊ," त्या म्हणाल्या, "पन झाडाले पानी कसं पाजलं, थे आमाले मालूम." वीस रुपये सोडले आणि वर दोन संत्री टाकली.

गाडीत बसल्यावर उश्र आठवला. शेतमालावरच्या जकातीला आमच्याकडे उश्र म्हणतात. पीक पावसावर आलं तर दहावा हिस्सा द्यायचा, शेतकऱ्याने स्वतः पाणी ओढून पिकवलं तर विसावा. पाणी देण्याच्या कष्टाला धर्मानेच निम्मी सूट दिली आहे. आणि मी, तोंडात रोजा असताना, त्याच पाण्याचे वीस रुपये कापून आलो होतो.

आता समृद्धी महामार्गही आपल्या जिल्ह्यातून जातो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. रस्ता झकास आहे, पण दोन्ही बाजूंना कुंपण, कडेला थांबायची मुभा नाही. ताडपत्रीला लागतो तो गाडी थांबू शकेल असा रस्ता. तो जुन्याच वाटांवर उरला आहे.

इफ्तारनंतर अर्धी पिशवी शेजारच्या काकूंकडे गेली. कुठून आणली, त्यांनी विचारलं. त्या रविवारी त्याच वाटेने जाणार आहेत. कडुनिंब, निळी ताडपत्री, अशी खूण सांगितली. भाव करू नका, हेही सांगितलं. आणि माझे वीस रुपये त्यांच्याजवळ देऊन ठेवलेत.