घोट्याच्या वर चार बोटं

पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा सुरू झाल्या की गरम पाण्याची पिशवी, ओव्याचं पाणी, एखादी गोळी आणि ‘जरा पडून राहा’ हे उपाय घरोघर सांगितले जातात. अलीकडे त्यात पायावरच्या एका बिंदूची भर पडली आहे. पायाच्या आतल्या बाजूला घोट्याचं जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या टोकापासून वर आपल्याच हाताची चार बोटं आडवी ठेवायची. ती जिथे संपतात तिथे, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला लागून, दाबल्यावर किंचित दुखणारी जागा लागते. चिनी वैद्यकात तिला सानयिनजियाओ म्हणतात आणि प्लीहेच्या वाहिनीवरचा सहावा बिंदू म्हणून ती ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाण म्हणून छापल्या, त्यात हाही आहे. इथे दाबलं की दोन मिनिटांत कळा थांबतात, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ आहेत. हे सारं थोतांड आहे म्हणून हात झटकणारेही आहेत. आजवरचा पुरावा दोघांनाही साथ देत नाही. नेटाने, महिनोन्‌महिने केलं तर या दाबाचा उपयोग होऊ शकतो, एवढंच तो म्हणतो. हे म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात खोटी आशा नाही आणि बाईच्या दुखण्याकडे दुर्लक्षही नाही.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी केलेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी इथे नीट पाहायला हवी. पाळीत दुखणाऱ्या, १८ ते ३४ वयाच्या २२१ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोन्ही गटांना मोबाइलवरचं एक अ‍ॅप दिलं, मात्र बिंदू कसे दाबायचे याची माहिती एकाच गटाच्या अ‍ॅपमध्ये होती. त्यात घोट्यावरचा हा बिंदू होता, शिवाय हातावरचा एक आणि पावलावरचा एक. दाबायला पाळी येण्याच्या काही दिवस आधीपासून सुरुवात करायची होती. वेदना शून्य ते दहा अशा मापावर नोंदवली गेली. तिसऱ्या पाळीला दाबणाऱ्या गटाची सरासरी ४.४ होती आणि दुसऱ्या गटाची ५.०. हा फरक इतका लहान आहे की दुखणाऱ्या बाईला तो जाणवेलच असं नाही. सहाव्या पाळीपर्यंत मात्र तो १.४ वर गेला. वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेल्या स्त्रिया तिसऱ्या पाळीला एका गटात ३७ टक्के, तर दुसऱ्यात २५ टक्के होत्या. सहाव्या पाळीला हे प्रमाण ५८ आणि २४ टक्के झालं. म्हणजे न दाबणाऱ्या गटात काही हललं नाही आणि दाबणाऱ्या गटात सुधारणा वाढत गेली. एका पाळीला करून पाहिलं, फरक पडला नाही आणि सोडून दिलं, असं करणाऱ्या बाईने हा उपाय खरं तर करूनच पाहिलेला नसतो.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. आपण दाबतो आहोत की नाही, हे त्या स्त्रियांना ठाऊक होतं. बरं वाटेल या अपेक्षेनेही वेदना कमी जाणवते, आणि बर्लिनच्या आकड्यांत अशा प्लासिबोचा वाटा किती, हे त्या चाचणीवरून वेगळं काढता येत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये पाळीच्या दुखण्यावरील अ‍ॅक्युपंक्चर आणि अ‍ॅक्युप्रेशरच्या ४२ चाचण्या, म्हणजे एकूण ४,६४० स्त्रियांची माहिती, एकत्र तपासली. पुरावा कमी दर्जाचा आहे, त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असाच तिचा निर्वाळा होता. तो झाकून ठेवून या बिंदूची भलामण करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण बोटाने दाबण्याची खोटी आवृत्ती तयार करणं मुळातच अवघड असतं. चुकीच्या जागी दाबलं तरी दाब पडतोच, मज्जातंतूंना तो कळतोच. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, इथे तशी सोय नाही. ‘सिद्ध झालेलं नाही’ याचा अर्थ ‘खोटं ठरलं’ असा होत नाही, आणि ज्या उपायाला पैसा लागत नाही, ज्यात धोका अत्यल्प आहे, त्याच्यासाठी पुराव्याची पायरी शस्त्रक्रियेइतकी उंच ठेवायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप चिनी वैद्यकातल्या वाहिन्यांवर आहे: शरीर फाडून पाहिलं तर प्लीहेपासून घोट्यापर्यंत जाणारी कुठलीही वाहिनी सापडत नाही. ती सापडत नाहीच, आणि हे मान्य करायला संकोच वाटायचं कारण नाही. पण त्या जागी दुसरं काही निश्चित आहे. नडगीच्या मागून टिबियल नावाचा मोठा मज्जातंतू खाली उतरतो. त्याचे धागे कण्याच्या ज्या खालच्या भागातून निघतात, त्याच भागातून मूत्राशयाच्या आणि ओटीपोटातल्या इतर अवयवांच्या मज्जातंतूंचीही ये-जा असते. चिनी बिंदूंवरून सुचून १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी या मज्जातंतूला विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला. पुढे घोट्याच्या वर, जवळजवळ याच ठिकाणी, बारीक सुई टोचून तो देण्याची पद्धत रूढ झाली. सारखी लघवीची घाई होणाऱ्या २२० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. खरा उपचार मिळालेल्यांपैकी ५४.५ टक्क्यांना स्पष्ट आराम वाटला, तर खोटा उपचार मिळालेल्यांपैकी २०.९ टक्क्यांना. सुई आणि वीज म्हणजे अंगठा नव्हे, आणि मूत्राशय म्हणजे गर्भाशय नव्हे. त्यामुळे यातून पाळीच्या कळांबद्दल काही सिद्ध होत नाही. पायावरून ओटीपोटापर्यंत निरोप पोहोचू शकतो, ही कल्पना भाबडी नाही, एवढं मात्र नक्की म्हणता येतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. बाईच्या दुखण्याला ‘घरच्या घरी बघून घे’ हे उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातं, आणि घोट्यावरचा बिंदू हे त्याचंच नवं रूप होऊ शकतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. फडावर एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडते, वर मुकादमाचा दंड बसतो, म्हणून पाळीचं दुखणं आणि अंगावरून जाणं यांचा एकदाचा निकाल लावायला कित्येक जणी शस्त्रक्रियेला तयार झाल्या. त्यांना अंगठ्याने दाबायला शिकवणं हे उत्तर नव्हे. त्यांना सुट्टी हवी, फडाजवळ स्वच्छतागृह हवं, नीट तपासणारा डॉक्टर हवा. स्वतःची काळजी स्वतः घेणं आणि व्यवस्थेने हात वर करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचं कौतुक करताना दुसरीला आडोसा मिळू नये.

दाबाच्या कौतुकात गोळ्यांनाही बाजूला सारू नये. गर्भाशयातली प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं वाढली की गर्भाशय जोराने आकुंचन पावतं आणि कळा येतात. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल यांसारखी औषधं ही द्रव्यंच कमी करतात आणि त्यांचा पुरावा दाबापेक्षा कितीतरी भक्कम आहे. गोळी घेणं हा काही कमकुवतपणा नाही. पण जठराला व्रण असलेल्या किंवा अशा गोळ्यांनी दमा उफाळणाऱ्या स्त्रियांना त्या चालत नाहीत. मेफेनॅमिक आम्लामुळे क्वचित उद्भवणाऱ्या एका तीव्र अ‍ॅलर्जीबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने सावधही केलं होतं. अशा वेळी, किंवा गोळीच्या जोडीने, हा दाब कामी येऊ शकतो.

करून पाहायचं असेल तर पाळीच्या चार-पाच दिवस आधीपासून, दिवसातून दोनदा, दोन्ही पायांवर मिनिटभर अंगठ्याने सोसेल इतकंच दाबावं. काळंनिळं होईपर्यंत दाबण्यात काही हशील नाही. गरोदरपणात हा बिंदू टाळण्याची परंपरा आहे, ती पाळावी. पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, पोटरी सुजून दुखत असेल किंवा त्या जागी जखम असेल, तर हात लावू नये. सलग सहा पाळ्यांची नोंद वहीत ठेवावी, म्हणजे फरक पडला की नाही हे आठवणीवर सोडावं लागणार नाही. आणि दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखत असेल, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला वेदना होत असतील, रक्तस्राव फार होत असेल, तर सहा महिने थांबू नका. त्यामागे एंडोमेट्रिओसिस किंवा गर्भाशयातली गाठ असू शकते. आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या.