रानडुकरांचा बंदोबस्त : शिशाऐवजी तांब्याची गोळी

पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी, मावळ व भोर या तालुक्यांत डोंगरउतारावरून येणारी रानडुकरे एका रात्रीत उभे पीक उद्ध्वस्त करतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ११ अन्वये, पिकास धोकादायक ठरलेले रानडुकर मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वन अधिकारी देऊ शकतात. परंतु परवानगी मिळाली व नेम साधला, एवढ्याने काम संपत नाही. गोळी कोणत्या धातूची, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा होय.

शिसे का नको?

पुण्याजवळ खडकीचा दारुगोळा कारखाना १८६९ साली उभा राहिला, त्याच्या कितीतरी आधीपासून गोळीसाठी शिसेच वापरण्याची वहिवाट आहे. हा धातू जड, मऊ, स्वस्त आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारा आहे. मात्र रायफलीची मऊ टोकाची गोळी हाडामांसावर आदळताच फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून वीतभर, प्रसंगी त्याहूनही दूर पसरतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत व धुऊन जात नाहीत. शिवारात टाकलेले असे मढे कुत्री, कोल्हे, कावळे व गिधाडे खातात. पक्ष्यांच्या जठरातील आम्लात शिसे विरघळून रक्तात भिनते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस तर ते फारच घातक असून त्याची निर्धोक मात्रा आढळलेली नाही.

गिधाडांपासून धडा

मेलेल्या जनावरातून विष पुढे कसे जाते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे झपाट्याने घटली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय पुढे आला. गुरांचे उपचार थांबले नाहीत. केवळ औषध बदलले. गोळीच्या बाबतीतही असाच बदल शक्य आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांस पूर्ण बंदी आहे.

तांब्याची गोळी वापरताना

तांब्याची गोळी लागताच पाकळ्यांप्रमाणे उमलते, पण बहुधा अखंड राहते. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि प्रत्येक जुन्या नळीचे पेच तिला मानवतीलच असे नाही. म्हणून परवानाधारकाने आपल्या रायफलीस योग्य काडतूस निवडून चांदमारीच्या अधिकृत मैदानावर नेम नव्याने जुळवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात :

१. लेखी परवानगीवाचून गोळी झाडू नये.

२. कलम ३९ अन्वये मारलेले रानडुकर शासनाची मालमत्ता ठरते. मांस वाटू वा खाऊ नये. वन कर्मचाऱ्यांस त्वरित कळवावे.

३. तांब्याचे काडतूस न मिळाल्यास विशेष दक्षता घ्यावी. मढे उघड्यावर न टाकता, वन कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, विहीर व ओढ्यापासून दूर, आतड्यांसह खोल पुरावे.

४. काडतुसे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

पीक वाचविताना शिवारात विष पेरले जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी.