बार्टलेट पर्वतातील मॉलिब्डेनम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील लेडव्हिल हे गाव चांदीच्या खाणींसाठी विलक्षण गाजत असताना, १८७९ साली, चार्ल्स सेंटर नावाच्या एका खनिजशोधकाने गावाच्या ईशान्येस, फ्रेमाँट खिंडीलगतच्या बार्टलेट पर्वताच्या उतारावर आपल्या हक्काच्या खुणा रोवल्या. त्याला हवे होते सोने. हाती लागला तो गारगोटीच्या बारीक शिरांनी विणलेला, करड्या रंगाचे एक चकाकते, बोटांस तेलकट लागणारे खनिज पोटी बाळगणारा खडक. १८७२ च्या अमेरिकन खाणकायद्यान्वये असा हक्क शाबूत राखावयाचा तर प्रत्येक दाव्यावर दरसाल किमान शंभर डॉलरचे काम करणे प्राप्त असे. आणि ज्या मालाची ओळख नाही, गिऱ्हाईक नाही, अशा मालापायी सेंटरने ही अट वर्षानुवर्षे बिनतक्रार पाळली, याचे मला फार मोल वाटते. खडकातील ते खनिज म्हणजे मॉलिब्डेनम व गंधक यांचे संयुग आहे, हे त्याला कळले तेव्हा १८९५ साल उजाडले होते.

ही ओळख पटण्यास इतका विलंब लागावा, यात नवल नाही. मॉलिब्डेनाइट हे दिसण्यास हुबेहूब शिसपेन्सिलीतील ग्राफाइटासारखे. तेवढेच मऊ, तसेच पापुद्र्यापापुद्र्यांचे, कागदावर तसेच काळे उमटणारे. मात्र हातात घेतले तर ते ग्राफाइटाच्या दुपटीहून जड भरते, आणि झिलईदार चिनी मातीवर घासले असता त्याचा कस हिरवट उमटतो. स्वीडनच्या शेले या रसायनवेत्त्याने १७७८ साली या दोन खनिजांतील भेद सिद्ध केला, आणि त्याच देशाच्या येल्म याने १७८१ साली त्यातून धातू वेगळा काढला. परंतु त्या धातूचे करावयाचे काय, या प्रश्नाला पुढे शतकभर व्यवहारात समाधानकारक उत्तर नव्हते.

ते उत्तर पहिल्या महायुद्धाने दिले. तोफांच्या व चिलखतांच्या पोलादात घालावयाच्या टंगस्टनची चणचण भासू लागली, तेव्हा त्याच्या जागी मॉलिब्डेनम चालते, आणि अणुभार जवळजवळ निम्मा असल्यामुळे वजनाने पुष्कळ कमी लागते, हे युरोपातील कारखानदारांच्या ध्यानी आले. १९१८ साली क्लायमॅक्स मॉलिब्डेनम कंपनी स्थापन होऊन, सागरसपाटीपासून अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, हिमवर्षावाशी झगडत बार्टलेट पर्वतावर खाण सुरू झाली. युद्ध संपताच मागणी ओसरली आणि १९१९ त खाण बंद पडली. नंतर कंपनीने शांततेच्या काळातील उपयोग शोधण्याचा उद्योग चिकाटीने आरंभिला. विल्स सेंट क्लेअर ही मोटारगाडी १९२१ पासून मॉलिब्डेनमयुक्त पोलाद वापरू लागली, इतर कारखानदारही हळूहळू वळले, आणि १९२४ त खाण पुनश्च उघडली, ती पुढे कित्येक दशके जगाच्या मॉलिब्डेनमचा सिंहाचा वाटा पुरवीत राहिली.

या पर्वताचा मूळ देह शंभर कोटी वर्षांहून प्राचीन अशा सुभाजा व ग्रॅनाइट खडकांचा आहे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सिलिकेने समृद्ध असा चिकट शिलारस त्यात खालून घुसला. आणि तोही एकदाच नव्हे, तर पुनःपुन्हा. तो थिजू लागला की पाणी, गंधक, फ्लोरिन व मॉलिब्डेनम ही द्रव्ये त्याच्या माथ्याशी गोळा होत. दाब अनावर होऊन वरचा खडक तडके, आणि त्या परस्परांस छेदणाऱ्या असंख्य भेगांत तप्त द्रव निवून गारगोटी व मॉलिब्डेनाइट यांच्या शिरांचे जाळे भरून येई. अशा रीतीने प्रत्येक घुसखोरीच्या माथ्यावर पालथ्या पातेल्याच्या आकाराचा एकेक धातुकसाठा निर्माण झाला. त्यांतील सर्वांत वरचा, सेरेस्को नावाचा साठा बहुतांशी झिजून गेला आहे. त्याखाली दोन साठे सापडले, आणि पश्चिमेकडे मॉस्किटो विभंगाने हा सारा पट कापून टाकला आहे. धातुक म्हणावे तरी एका टनात मॉलिब्डेनाइट दोन ते चार किलोच. म्हणूनच खडक खालून पोखरून तो स्वतःच्याच भाराने ढासळू देण्याची पद्धत येथे अवलंबिली गेली, आणि पर्वताच्या दर्शनी अंगास प्रचंड खळगा पडला.

एकाखाली एक साठे असू शकतात, हे ज्ञान मला या खाणीतील मालाहून अधिक मोलाचे वाटते. एम्पायर गावानजीकच्या रेड माउंटन या डोंगरातील युराड ही जुनी खाण कंपनीने १९६० नंतरच्या दशकात हाती घेतली, तेव्हा क्लायमॅक्सचा अनुभव गाठीशी असलेल्या स्टुअर्ट वॉलेस प्रभृती भूवैज्ञानिकांनी त्या साठ्याच्याही खाली दुसरा असावा असे अनुमान बांधून खोल छिद्रे घेतली. शिखराखाली सुमारे हजार मीटरांवर, वरून ज्याचा मागमूसही नव्हता असा प्रचंड साठा लागला. रॉबर्ट हेंडरसन या खाणतज्ज्ञाचे नाव त्यास देण्यात आले. त्यासाठी अमेरिका खंडाच्या जलविभाजकाखालून पंधरा किलोमीटरांहून लांब बोगदा खणून पलीकडच्या गिरणीपर्यंत धातुक नेण्याची तजवीज करण्यात आली, आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले.