लांबच्या नात्यातली रेना

फेब्रुवारी २०१७ मधला सोमवार. माझे डोळे सुजलेले, आवाज बसलेला. बॉसनं विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" म्हटलं, "एक जण गेल्या." "जवळच्या?" "नाही, लांबच्या."

तसं खोटं काहीच नव्हतं. रेना जेम्स राहायची अमेरिकेत, टेनेसीतल्या नॅशव्हिलला. ती टीव्ही मालिकेतली होती, एवढंच सांगायचं राहिलं!

'नॅशव्हिल' ऑक्टोबर २०१२ मध्ये एबीसी चॅनेलवर सुरू झाली. 'थेल्मा अँड लुईस'साठी ऑस्कर मिळवलेल्या कॅली खूरीची ही निर्मिती. वरवर पाहता मामला ओळखीचाच. कंट्री म्युझिकची चाळिशीतली राणी रेना (कॉनी ब्रिटन) आणि तिच्या सिंहासनावर डोळा ठेवून असलेली ज्युलिएट (हेडन पॅनेटिएर). म्हणजे आपली सासू-सूनच, फक्त हातात गिटार! पहिला भाग मी लॅपटॉप समोर ठेवून, कपड्यांना इस्त्री करता करता पाहिला.

शेवटच्या पाच मिनिटांत इस्त्री बाजूला राहिली. ब्लूबर्ड कॅफेतली वेट्रेस स्कार्लेट वहीत कविता लिहून ठेवायची, कुणाला न दाखवता. तिथलं साऊंड सांभाळणाऱ्या गनरनं त्यांना चाल लावली आणि दोघं स्टेजवर गायला उभे राहिले. भाग संपला तेव्हा मी फॅन झाले होते.

हा ब्लूबर्ड खराखुरा आहे बरं का! १९८२ पासून, दुकानांच्या एका साध्या ओळीत. जेमतेम ९० जण बसतील एवढी जागा. गाणी लिहिणारे मधोमध गोल करून बसतात आणि प्रेक्षक त्यांच्याभोवती. कुणी गप्पा मारल्या की 'शूऽऽ'! दुसऱ्यांच्या आवाजात हिट झालेली गाणी इथे लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतात. जागा इतकी छोटी, की मालिकेसाठी तिची हुबेहूब प्रतिकृती सेटवर उभारावी लागली.

आता माझं सांगते. रात्री दोनपर्यंत जागून प्रेझेंटेशन मी बनवायची. सकाळी क्लायंटसमोर ते जायचं बॉसच्या नावानं. त्यामुळे वहीवाली स्कार्लेट मला आपल्यातलीच वाटली. आणि रेना तर आदर्शच! बड्या कंपनीला रामराम ठोकून तिनं 'हायवे ६५' हे स्वतःचं लेबल काढलं, तेव्हा 'स्लाइडवर माझं नाव टाकू का?' एवढं विचारायची माझी टाप नव्हती.

मे २०१६ मध्ये चार सीझननंतर एबीसीनं मालिका बंद केली. जगभरचे फॅन्स पेटले. मीसुद्धा पुण्यातून रात्र रात्र ट्वीट केले. जूनमध्ये सीएमटी या दुसऱ्या चॅनेलनं मालिका उचलली. जिंकलो! पण आठ-नऊ महिन्यांत, पाचव्या सीझनच्या नवव्या भागात रेनाच गेली. आधी कारचा अपघात, मग हॉस्पिटल. नवरा आणि दोन मुली तिच्या उशाशी गात होत्या.

आपणच हट्टानं परत आणलेल्या मालिकेनं आपल्याच माणसाला मारावं? मी सरळ कट्टी घेतली. दीड वर्षं ढुंकूनही पाहिलं नाही.

२६ जुलै २०१८ ला १२४ वा आणि शेवटचा भाग झाला. निरोपाला तरी जावं म्हणून पाहिला. नॅशव्हिलचं रायमन ऑडिटोरियम म्हणजे १८९२ ची वास्तू, कंट्रीवाल्यांची पंढरीच. शेवटी त्याच स्टेजवर सगळे कलाकार जमले. पाठोपाठ एरवी कॅमेऱ्यामागे असणारी मंडळीही आली. ज्यांचे चेहरे सहा वर्षांत कधी दिसले नव्हते, ती माणसं उजेडात उभी राहून गात होती.

तेव्हा कळलं, मी रेनावर उगाच रुसले होते. माझी मालिका मुळात तिची नव्हतीच. ती या मागच्या माणसांची होती.

त्या सोमवारी मी बॉसच्या केबिनमध्ये गेले आणि विचारून टाकलं. तो जरा गडबडला, मग म्हणाला, "टाक की."

नाव लागलं. शेवटच्या स्लाइडवर, खाली, बारीक अक्षरात. क्लायंटनं वाचलंही नसेल. मी मात्र ती स्लाइड घरी येऊन तीनदा उघडून पाहिली.